साक्षी आणि बखर : आंद्रे तेशिने यांच्या 'ले तेमाँ' (२००७) या चित्रपटाचा ऐतिहासिक विचार

१

मराठी इतिहाससंशोधनात साधनांचे दोन वर्ग मानण्याची रीत जुनी आहे. घटना घडत असताना, तिच्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या माणसाने, व्यवहाराच्या गरजेपोटी लिहिलेला तो अस्सल कागद. आणि काही काळ लोटल्यावर, आठवणींच्या व ऐकीव वृत्तान्ताच्या आधारे, कोणातरी वाचकासाठी सजवून लिहिलेली ती बखर. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे यांच्या पिढीने अस्सल कागदाला अग्रमान दिला व बखरीचा शब्द पारखून घेण्याची शिस्त घालून दिली. ही शिस्त योग्यच होय. परंतु तिच्यातून एक अडचण उद्भवते. मानवी जीवनातील काही संबंध असे असतात की, त्यांचा कागद मुळात तयारच होत नाही. विवाहाची नोंद होते, जन्ममृत्यूची नोंद होते, वारसाहक्काचा निवाडा होतो; पण एखाद्या विवाहित पुरुषाने दुसऱ्या पुरुषावर केलेल्या प्रेमाची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? सापडलीच तर ती बहुधा पोलिसांच्या दप्तरात, म्हणजे आरोपाच्या रूपाने सापडते. अशा संबंधांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाला बखरीकडे, म्हणजे आठवणीतून रचलेल्या कथनाकडे, वळणे भाग पडते.

प्रस्तुत लेखात अशाच एका कथनाचा विचार करावयाचा आहे. आंद्रे तेशिने या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ले तेमाँ' हा चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला व पुढील महिन्यात फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. त्याचे कथानक १९८४ च्या उन्हाळ्यात सुरू होते व १९८५ च्या उन्हाळ्यात संपते. प्रेम, वियोग व उभयलैंगिकता हे त्याचे विषय आहेत. आणि एड्स या रोगाच्या फ्रान्समधील आगमनाचा काळ ही त्याची पार्श्वभूमी आहे. चित्रपट हा कल्पित आहे हे उघड आहे. तथापि बावीस वर्षांच्या अंतरावरून त्या वर्षाकडे पाहणारी एक बखर या नात्याने त्याची पारख करता येईल, आणि अस्सल कागदांनी मोकळी सोडलेली एक जागा तो कशी भरून काढतो हे दाखविता येईल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आरंभी परिभाषेविषयी एक खुलासा अवश्य आहे. मराठीत 'उभयलिंगी' हा शब्द वनस्पतिशास्त्रात, पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलाला उद्देशून रूढ आहे. येथे शरीररचनेचा प्रश्न नसून अनुरागाचा आहे. स्त्री व पुरुष या दोहोंविषयी वाटणाऱ्या प्रेमाचा व कामनेचा आहे. म्हणून 'उभयलैंगिक' हा शब्द वापरला आहे.

२

चित्रपटाचा काळ समजण्यासाठी फ्रेंच कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. राज्यक्रांतीनंतर १७९१ साली जी दंडसंहिता तयार झाली तिच्यातून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळण्यात आला. पुढे दीडशे वर्षे फ्रान्समध्ये या संबंधांसाठी वेगळा गुन्हा नव्हता, जरी पोलिसांची नजर होती. ६ ऑगस्ट १९४२ रोजी, पेतँ यांच्या विशी येथील राजवटीने, एकवीस वर्षांखालील व्यक्तीशी केलेले समलिंगी वर्तन दंडनीय ठरविले. ती राजवट कोसळली, तिचे अनेक कायदे रद्द झाले. परंतु हे कलम १९४५ साली हंगामी सरकारने कायम ठेवले. १८ जुलै १९६० रोजी लोकसभेतील मिर्गे नावाच्या प्रतिनिधीच्या दुरुस्तीने समलिंगी वर्तनाची गणना दारूबाजी, वेश्याव्यवसाय यांच्यासारख्या सामाजिक अरिष्टांत करण्यात आली. तेथे योजलेला फ्रेंच शब्द रोगाच्या साथीलाही लावला जातो. साथ येण्यापूर्वी वीस-बावीस वर्षे साथीचा शब्द कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मे १९८१ मध्ये मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी जूनमध्ये गृहमंत्री देफेर यांनी पोलिसांना आदेश दिला की, समलिंगी व्यक्तींबाबत भेदभाव करू नये व त्यांच्या याद्या ठेवू नयेत. ४ ऑगस्ट १९८२ च्या कायद्याने १९४२ चे कलम अखेर रद्द झाले. त्या कामी जिझेल अलिमी या प्रतिनिधीचा व न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांचा पुढाकार होता. म्हणजे चित्रपटातील तरुण १९८४ च्या उन्हाळ्यात पॅरिसला येतो तेव्हा कायद्याने मोकळीक देऊन जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. तेशिने यांनी चित्रपटाच्या पहिल्या भागाला 'सुखाचे दिवस' अशा अर्थाचे नाव दिले आहे. ते कवित्वापुरते नाही. त्याला कायद्याच्या इतिहासाचा आधार आहे.

त्याच उन्हाळ्यात, २५ जून १९८४ रोजी, मिशेल फूको या तत्त्वज्ञाचे पॅरिसमध्ये निधन झाले. ते एड्सने गेले हे त्या वेळी उघडपणे सांगितले गेले नाही. त्यांचे दीर्घकाळचे सोबती दानिएल दफेर यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस 'एद' ही रुग्णसाहाय्याची संस्था स्थापन केली. रोगाचा विषाणू १९८३ सालीच पॅरिसच्या पास्तर संस्थेत लुक मोंतान्ये व फ्राँस्वाझ बारे-सिनुसी यांच्या पथकाने शोधून काढला होता. परंतु रक्ताची चाचणी सर्वत्र उपलब्ध नव्हती व औषध तर नव्हतेच. दात्यांच्या रक्ताची तपासणी १ ऑगस्ट १९८५ पासून सक्तीची झाली. चित्रपटाचे एक वर्ष नेमके या पोकळीत बसते : रोगाचे नाव ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, पण कोणाला झाला आहे हे ठाऊक करून घेण्याचे साधन अद्याप हाती येत आहे.

३

कथानक असे आहे. मानू हा विशीतला तरुण दक्षिणेकडून पॅरिसला येतो व गायिका होण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या बहिणीकडे, ज्युलीकडे, एका सामान्य हॉटेलच्या खोलीत राहतो. रात्री एका उद्यानात त्याची गाठ आद्रियाँ या पन्नाशीच्या डॉक्टरशी पडते. आद्रियाँ त्याच्यावर प्रेम करू लागतो. मानू त्याला मैत्री देतो, त्यापलीकडे काही देत नाही. आद्रियाँच्या स्नेह्यांपैकी सारा ही लेखिका व तिचा नवरा मेहदी हे एक जोडपे आहे. सारा मुलांसाठी पुस्तके लिहिते; तिला नुकतेच मूल झाले आहे, आणि त्या मुलाविषयी तिच्या मनात वात्सल्य सहजी उमलत नाही. मेहदी उत्तर आफ्रिकी वंशाचा असून अनैतिक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या पोलीस पथकात अधिकारी आहे. दोघांनी एकमेकांना इतर संबंधांची मोकळीक दिलेली आहे.

ही सारी मंडळी भूमध्य समुद्राच्या काठी साराच्या माहेरच्या घरी जातात. पोहताना मानू बुडू लागतो. मेहदी त्याला ओढून बाहेर काढतो व त्याच्या तोंडात श्वास भरून त्याला शुद्धीवर आणतो. या क्षणापासून दोघांच्या अनुरागाला आरंभ होतो. पुढे पॅरिसजवळ हे दोघे चोरून भेटत राहतात. साराला दिलेली मोकळीक या गुपितापर्यंत पोहोचत नाही. कारण मेहदीला स्वतःलाच या प्रेमाला काय म्हणावे हे उमगलेले नाही. अशात मानूच्या अंगावरचे डाग आद्रियाँच्या नजरेस पडतात, आणि डॉक्टर असल्यामुळे तो त्यांचा अर्थ तत्काळ जाणतो.

दुसऱ्या भागाचे नाव 'युद्ध' असे आहे. काळ १९८४-८५ चा हिवाळा. मानू मेहदीला दूर लोटतो, आणि ज्याच्या प्रेमाला त्याने प्रतिसाद दिला नव्हता त्या आद्रियाँच्या शुश्रूषेत राहतो. मेहदी भयाने ग्रासतो : आपण बाधित आहोत काय, आपल्यामुळे सारा, आणि तिच्यामुळे मूल? अखेर तो व सारा दोघेही वाचल्याचे कळते. मानू मात्र मरण पावतो, आणि ज्युली त्याचा देह गावी घेऊन जाते. तिसऱ्या भागात उन्हाळा परत येतो. साराने मानूच्या जीवनावर पुस्तक लिहिलेले आहे, आद्रियाँला नवा तरुण सोबती भेटला आहे, आणि उरलेली मंडळी त्याच समुद्रकाठी पुन्हा जमतात.

एमान्युएल बेआर (सारा), सामी बुआजिला (मेहदी), मिशेल ब्लाँ (आद्रियाँ), जोआन लिबेरो (मानू) व ज्युली दपार्दिय (ज्युली) यांनी या भूमिका केल्या आहेत. बुआजिला यांना या भूमिकेबद्दल २००८ साली साहाय्यक अभिनेत्याचे सेझार पारितोषिक मिळाले. मेहदी या व्यक्तिरेखेला साहाय्यक मानले गेले, हे त्या पारितोषिकाच्या वर्गवारीपुरते ठीक आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहता संपूर्ण कथानकाचा भार याच व्यक्तिरेखेवर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढीलप्रमाणे.

४

त्या काळच्या वैद्यकीय अहवालांत व वृत्तपत्रांत 'जोखमीचे गट' हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. समलिंगी पुरुष, शिरेतून मादक द्रव्य घेणारे, रक्तस्रावी रोगाचे रुग्ण असे हे गट होते. साथीच्या अभ्यासात अशी वर्गवारी उपयोगी पडते यात शंका नाही. परंतु वर्गवारी दवाखान्यातून रस्त्यावर आली की तिचा अर्थ पालटतो. गटात असणारा तो रोगी, आणि गटाबाहेरचा तो सुरक्षित, असे समीकरण मनात ठसते. अशा समीकरणात उभयलैंगिक माणसाला जागाच राहत नाही. किंवा राहिलीच तर ती 'रोगाचा पूल' एवढीच राहते. एका काठावरचे विष दुसऱ्या काठावर नेणारा म्हणूनच त्याची गणना होते.

मेहदीची योजना या समीकरणाला छेद देणारी आहे. तो पती आहे, पिता आहे, पोलीस अधिकारी आहे. १९८१ पूर्वी ज्या खात्याने समलिंगी पुरुषांच्या याद्या ठेवल्या, त्याच खात्याच्या नैतिक पहाऱ्यावर तो नोकरीस आहे. शिवाय तो अशा समाजातून आला आहे, ज्याच्या तरुणांना १९८३ च्या अखेरीस समतेच्या मागणीसाठी मार्सेय येथून पॅरिसपर्यंत पायी चालत यावे लागले होते. कोणत्याही एका गटाच्या चौकटीत हा माणूस बसत नाही. आणि त्याला पुलाचे रूप देण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. मेहदी घरी रोग आणत नाही. तो घरी भय आणतो, आणि भयामागे दडलेले प्रेम आणतो. सारावर त्याचे प्रेम नव्हते म्हणून तो मानूकडे गेला असे चित्रपट म्हणत नाही. मानूवरचे प्रेम हा केवळ क्षणिक मोह होता असेही म्हणत नाही. दोन्ही प्रेमे एका माणसाच्या ठायी खरी आहेत, एवढेच तो दाखवितो आणि तेथे थांबतो.

येथे बखरीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. मेहदी व सारा यांचा बचाव ही कथाकाराने आपल्या सोयीसाठी घडवून आणलेली गोष्ट आहे, असा आक्षेप घेता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. ज्यांचा बचाव झाला नाही अशी कुटुंबे त्या काळात होती. परंतु बचावामुळे एक निराळा प्रश्न उघडा पडतो, जो मृत्यूने झाकला गेला असता. जो वाचला त्याने ज्याच्यावर प्रेम केले त्याच्यासाठी शोक करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळावा?

५

हा प्रश्न अधिक स्पष्ट होण्यासाठी याच विषयावरील एका अगोदरच्या चित्रपटाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. सिरिल कोलार यांचा 'ले नुई फोव्ह' हा चित्रपट २१ ऑक्टोबर १९९२ रोजी प्रदर्शित झाला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतःच्याच कादंबरीवरून कोलार यांनी तो रचला, आणि ज्याँ या नायकाची भूमिकाही स्वतःच केली. ज्याँ हा तिशीतला उभयलैंगिक कॅमेरामन आहे. त्याला संसर्ग झालेला आहे. लोरा या तरुणीवर व सामी या तरुणावर त्याचे एकाच वेळी प्रेम आहे, आणि संसर्गाची गोष्ट तो लोराला सांगतो ती शरीरसंबंध घडून गेल्यावर. कोलार स्वतः त्याच रोगाने आजारी होते. ५ मार्च १९९३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट पहिली कृती या दोहोंसह चार सेझार पारितोषिके मिळाली.

आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा अस्सल कागद होय. जो लिहितो तोच भोगतो आहे, आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. म्हणूनच त्यात उतावीळपणा आहे, आत्मसमर्थन आहे, आणि लोराशी केलेल्या अन्यायाचा पुरता हिशेब नाही. या नायकाच्या मौनावर फ्रान्समध्ये तीव्र वाद झाला. त्या वादाला एक तत्कालीन संदर्भ होता, तो विसरता कामा नये. १९८५ साली राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राने, दूषित असल्याची जाणीव असतानाही, रक्तजन्य औषधांचे वाटप रक्तस्रावी रोगाच्या रुग्णांसाठी चालू ठेवले होते. त्या प्रकरणाचा निकाल २३ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोन दिवसांनी लागला, व केंद्राचे माजी प्रमुख मिशेल गारेता यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. जाणूनही न सांगणे हा त्या आठवड्यात सबंध राष्ट्रापुढचा प्रश्न होता. एका प्रियकराचे मौन आणि एका शासकीय संस्थेचे मौन यांची तुलना करताना तारतम्य ठेवले पाहिजे. पण प्रेक्षकांच्या मनात दोन्ही शेजारी उभी होती, हे निश्चित.

'ले तेमाँ' मध्ये असा उतावीळपणा नाही. १९९६ साली अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती प्रचारात आली व फ्रान्ससारख्या देशांत या रोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. २००७ च्या दिग्दर्शकाला हे ठाऊक आहे; मानूला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. उन्हाळा, हिवाळा व पुन्हा उन्हाळा अशी चित्रपटाची जी मांडणी आहे ती या उत्तरकालीन ज्ञानातून आलेली आहे. १९९२ साली परत येणारा उन्हाळा कोणी इतक्या शांतपणे रचू शकला असता असे वाटत नाही. बखरीतील रचना ही अशा रीतीने स्वतःच एक पुरावा ठरते. १९८५ विषयीचा नव्हे, तर २००७ विषयीचा. ज्याला या चित्रपटातून १९८५ जाणून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम त्यातून हे २००७ वजा केले पाहिजे.

६

वजाबाकी केल्यावर काय उरते? माझ्या मते शोकाच्या अधिकाराचा प्रश्न उरतो, आणि तो त्या काळाचा अस्सल प्रश्न आहे. मानूच्या मृत्यूनंतर चार माणसे मागे राहतात. ज्युली ही रक्ताच्या नात्याची; देह तिच्या स्वाधीन होतो. आद्रियाँ हा डॉक्टर. रोगाविरुद्धच्या कार्यात स्वतःला झोकून देऊन तो आपल्या दुःखाला सार्वजनिक रूप देऊ शकतो. सारा ही लेखिका. तिच्या हाती लेखणी आहे, आणि चित्रपटाचे निवेदनही तिच्याच स्वरात आहे. मेहदीपाशी यांपैकी काहीच नाही. त्याच्या नात्याला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून विधीही नाही. ज्याने मानूला समुद्रातून जिवंत बाहेर काढले, त्याला त्याच्या मरणात उभे राहण्यास जागा मिळत नाही.

ही केवळ भावनेची बाब नव्हती. ११ जुलै १९८९ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विवाहाविना सहजीवन म्हणजे स्त्री व पुरुष यांचेच सहजीवन होय. त्यामुळे उघडपणे एकत्र राहणाऱ्या पुरुषांनाही जोडीदाराचे हक्क मिळाले नाहीत. नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा झाला तो १९९९ साली, आणि समलिंगी विवाहाचा २०१३ साली. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या सोबत्यांना घर, वारसा व अंत्यविधी या बाबतींत जे भोगावे लागले, ते या कायद्यांच्या मागणीमागील एक प्रमुख कारण होते. परंतु मेहदीसारख्याची स्थिती या कायद्यांनीही पालटली असती असे म्हणवत नाही. त्याला विवाहाचा हक्क होताच आणि तो त्याने बजावलेला होता. कायदा एका नात्याची नोंद करू शकतो. एकाच माणसाच्या दोन नात्यांची नोंद करण्यासाठी त्याच्यापाशी रकाना नाही. म्हणून उभयलैंगिक माणसाचा वियोग समलिंगी हक्कांच्या इतिहासातही बहुधा अनुल्लेखित राहतो. तेशिने यांच्या बखरीचे खरे मोल या अनुल्लेखाची दखल घेण्यात आहे.

चित्रपटाच्या नावाचा अर्थ येथे लागतो. फ्रेंच 'तेमाँ' या शब्दाला मराठीत दोन शब्द संभवतात. न्यायालयात पाहिलेले सांगतो तो साक्षीदार. आणि अलिप्तपणे केवळ पाहतो तो वेदान्तातील साक्षी. सारा ही साक्षीदार आहे. ती सांगते, आणि सांगताना पतीच्या प्रेमाची गोष्टही तिच्या पुस्तकाच्या स्वाधीन होते. तिला तो अधिकार होता काय, हा प्रश्न चित्रपट सोडवीत नाही. मेहदी या दोन्ही अर्थांत बसत नाही. तो सांगत नाही आणि तो अलिप्तही नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी, तेही त्याच्या पत्नीला, साक्ष द्यावी लागते.

बखरीचा दोष असा सांगितला जातो की ती उशिरा लिहिली जाते व पदरचे घालते. तो दोष या कृतीतही आहे, आणि वर तो दाखविला आहे. पण पोलिसांची यादी, दवाखान्याचा अहवाल व न्यायालयाचा निवाडा हे तिन्ही अस्सल कागद समोर ठेवले तरी त्यांतून मेहदी हा माणूस उभा राहत नाही. यादीत तो पहारेकरी म्हणून दिसेल, अहवालात पूल म्हणून दिसेल, आणि निवाड्यात तर दिसणारच नाही. त्या वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्याने हे तिन्ही कागद वाचावेत, त्यांच्याआधारे बखरीतील चुका दुरुस्त कराव्यात, आणि मग ज्याचे नाव एकाही कागदात नाही त्याच्यासाठी बखर पुन्हा एकदा उघडावी.